कचऱ्याचं बिल कशावर काढायचं?

घनकचऱ्याच्या कामात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट हळूहळू पटत जाते. शहरातला कचरा कसा हाताळला जाईल, हे शेवटी निविदेतल्या त्या एका कलमावर ठरतं, ज्यात कंत्राटदाराचं देयक कशाच्या आधारे काढायचं ते लिहिलेलं असतं. घंटागाडीला किती कप्पे आहेत, डेपोवर कोणतं यंत्र आहे, भिंतीवर काय रंगवलं आहे, हे सगळं त्या कलमाच्या मागून चालतं. देयक वजनावर निघत असेल तर वजन भरतं. फेऱ्यांवर निघत असेल तर फेऱ्या पुऱ्या होतात. मजुरांच्या हजेरीवर निघत असेल तर हजेरीपट भरलेला सापडतो. आणि वेगळ्या आलेल्या कचऱ्याला कुठेच पैसा लागलेला नसेल, तर कचरा वेगळा राहत नाही. इथे कुणाच्या दानतीवर बोट ठेवण्याचं कारण नाही. पहाटे गाडी घेऊन निघणारा माणूस ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम करतो, आणि त्याने तसंच करावं. म्हणून माझं म्हणणं असं आहे: वरूडसारख्या नगरपरिषदेला घराघरातला सुका कचरा खरोखर पुन्हा वापरात आणायचा असेल, तर तिने नुसतं उचलण्याचे पैसे कमी करून वेगळं ठेवल्याचे पैसे द्यायला सुरुवात करावी. यंत्रं, मोहिमा, स्पर्धा यांचा विचार त्यानंतर करावा.

आधी कामाचा आवाका पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी, चुडामणी नदीकाठी वसलेलं वरूड हे अमरावती जिल्ह्यातलं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं तालुक्याचं ठिकाण. एवढ्या लहान शहरात माणशी रोज २५० ते ३५० ग्रॅम कचरा धरायचा म्हटलं, तर दिवसाला १२ ते १७ टन होतो. आपल्याकडच्या शहरांत त्यातला साधारण निम्मा ओला असतो: भाजीचे देठ, उरलेलं अन्न, फळांच्या साली. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, चिंध्या, रबर आणि झाडणीची माती. वरूडच्या ओल्या कचऱ्याला हंगामही आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा पावसाळा सरता सरता सुरू होऊन हिवाळ्यात जातो, मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. त्या दिवसांत माल निवडताना बाजूला पडलेली फळं, गळ, फुटलेली संत्री यांचे ढीग लागतात. दुसरी गोष्ट पाण्याची. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशामुळे बरीच वर्षं ‘डार्क झोन’ म्हणून ओळखले जातात. जिथे बागांसाठी बोअर दरवर्षी आणखी खोल न्यावी लागते, तिथे मिश्र कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत जाऊ देणं परवडणारं नाही. मुंबई-पुण्यात कचऱ्याची चर्चा जागेच्या टंचाईपासून सुरू होते. आपल्याकडे ती पाण्यापासून आणि मातीपासून सुरू व्हायला हवी.

आता एका घराचा कचरा कुठे कुठे जातो ते बघा. घरातली बाई भाजीचं एका डब्यात आणि पन्नी, पुठ्ठा दुसऱ्या पिशवीत ठेवते असं धरू. गाडी दाराशी येते. गाडीला हिरवा आणि निळा कप्पा आहे. पण ओल्याचा कप्पा आधी भरतो, कारण ओलं जड असतं. पुढच्या गल्लीत ओलं निळ्या कप्प्यात पडतं. डेपोवर दोन्ही कप्पे एकाच जागी रिकामे होतात, कारण काट्यावर गाडीचं एकच वजन होतं आणि पावतीही एकच फाटते. या साखळीत घरच्या बाईने केलेलं काम तिसऱ्या गल्लीत वाया गेलं. तिने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की चौथ्या दिवसापासून ती सगळं एकाच पिशवीत टाकते. मग आपण बैठकीत बसून म्हणतो, लोक वर्गीकरण करत नाहीत. एकदा मिसळलेला कचरा नंतर वेगळा करता येतो, पण त्याची किंमत गेलेली असते. वरणाने भिजलेला पुठ्ठा लगदा होतो. तेलकट पन्नी धुण्याचा खर्च तिच्या भावापेक्षा जास्त येतो. आणि ओल्या कचऱ्यात फुटलेल्या काचेचा एक तुकडा मिसळला, तर त्या खताच्या ढिगाला शेतकरी हात लावत नाही. वेगळेपण ही एकदाच मिळणारी गोष्ट आहे. ती घरात मिळते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिला सांभाळणारा कुणीतरी लागतो. ज्या टप्प्यावर सांभाळण्याचा मोबदला नाही, तिथे ती संपते.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून देशातल्या शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००० मध्ये घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. ८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं बंधनकारक केलं, कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, आणि नगरपरिषदांना वापरकर्ता शुल्क व दंड आकारण्याचा अधिकार दिला. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, जुनी औषधं यांसारखा वेगळी काळजी मागणारा. पैशाची वाटही आखलेली होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता-घनकचरा यांसाठी बांधून दिला, म्हणजे दोन्हींना प्रत्येकी ३० टक्के. नियम आहेत आणि निधीही आला. तरीही नियमाचं पुस्तक एक सांगतं आणि देयकाचा कागद दुसरं सांगतो, तेव्हा रोजच्या कामात देयकाचा कागद जिंकतो. नियमांमध्ये ‘वर्गीकरण करावे’ हे वाक्य नागरिकाला उद्देशून आहे. कंत्राटदाराच्या कागदात त्याचं प्रतिबिंब एखाद्या अटीत असतं, दरात नसतं. अट मोडली तर दंड लावता येतो. पण दंड लावायला स्वच्छता निरीक्षकाला रोज गाडीमागे हिंडावं लागतं. दरात ती गोष्ट घातली, की तिच्यावर लक्ष ठेवण्यात कंत्राटदाराचाच फायदा असतो.

पुनर्वापराची व्यवस्था नगरपरिषदेने शून्यातून उभी करायची आहे, असं समजण्याचंही कारण नाही. ती आपल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातगाडी घेऊन फिरणारा कबाडी रद्दी, लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियमची भांडी, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या घरातून विकत घेतो. तिथून माल गावातल्या मोठ्या भंगार दुकानात, तिथून अमरावती-नागपूरच्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे कारखान्यात जातो. या साखळीत सरकारचा रुपया नाही, तरी ती अखंड चालते, कारण प्रत्येक हातात काहीतरी उरतं. पण तिची हद्दही तिथेच आहे. ज्याला भाव आहे तेच ती उचलते. चिप्सची चकचकीत वेष्टनं, शाम्पूच्या पुड्या, पातळ पन्न्या, थर्माकोल, फुटकी काच, जुन्या चपला, फाटके कपडे हे कबाडी घेत नाही. नाल्या तुंबवतात त्या याच वस्तू, आणि जनावरांच्या पोटातही याच जातात. तेव्हा नगरपरिषदेचं काम दोन भागांत पडतं. ज्याला भाव आहे, त्याच्या आड येऊ नये. तो माल कोरडा आणि स्वच्छ राहील एवढंच पाहावं. ज्याला भाव नाही, त्याला भाव निर्माण करावा, म्हणजे तो वेगळा आणून देणाऱ्याला पैसे द्यावेत. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चित्र दिसतं. भाव असलेल्या मालावर कंत्राटदार, कामगार आणि कबाडी यांच्यात ओढाताण होते, आणि भाव नसलेला माल सरळ डेपोवर जातो.

वेगळेपणाला मोबदला लावला तर काय होतं, याचा सर्वांत मोठा आणि जुना दाखला पुण्यात आहे. तिथे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र मिळालं, आणि त्यांच्या श्रमातून महापालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च वाचतो, हे आकड्यांत मांडलं गेलं. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. त्या कराराची रचना आपल्या कामाची आहे. कचरा घरोघरी जाऊन गोळा करणाऱ्या सदस्याला घरं दरमहा शुल्क देतात, आणि सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल विकण्याचा हक्क तिचाच राहतो. म्हणजे घरात कचरा जितका नीट वेगळा होईल, तितका तिचा वेळ वाचतो आणि तितका तिचा माल चांगल्या भावाने जातो. घरमालकिणीला पुन्हा पुन्हा सांगण्यात तिचा स्वतःचा रोजगार गुंतलेला असतो. इतकी चिकाटी पगारी निरीक्षकाकडून होणं कठीण. तिथेही अडचणी आहेत. कराराच्या नूतनीकरणावरून वेळोवेळी तणाव झाले आहेत, काही घरं शुल्क देत नाहीत. पण हजारो वेचक आणि लाखो घरं अशी व्यवस्था इतकी वर्षं टिकते, तेव्हा तिचा पाया पक्का आहे असं म्हणायला हरकत नाही.

पुणे मोठं शहर आहे, आपल्याला त्याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. म्हणून वेंगुर्ल्याकडे पाहावं. सिंधुदुर्गातली ही नगरपरिषद लोकवस्तीने वरूडहून बरीच लहान. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला. डेपोच्या जागेवर बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरणं, पालापाचोळ्याच्या कांड्या अशी कामं उभी राहिली, आणि ती जागा लोकांनी पाहायला यावी अशी झाली. वेंगुर्ल्याने दाखवलं की लहान गाव हे कमी क्षमतेचं गाव नसतं. पण त्यातून आणखी एक धडा घ्यायला हवा. एका जिद्दी अधिकाऱ्याच्या जोरावर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीनंतर टिकवायचं, तर ते त्या जिद्दीच्या बाहेर, कागदावर आणि दरात उतरवावं लागतं. इंग्लंडने १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात नेमकं हेच केलं होतं. तिथे अनेक भागांत कचरा गोळा करणारी स्थानिक परिषद वेगळी आणि त्याची विल्हेवाट लावणारी परिषद वेगळी असते. गोळा करणाऱ्या परिषदेने जितका कचरा पुनर्वापराला वळवला, तितक्याच्या विल्हेवाटीचा वाचलेला खर्च दुसऱ्या परिषदेने तिला द्यायचा, अशी ती तरतूद. न पुरलेल्या कचऱ्याला तिथे कायद्याने किंमत आली. आपल्या नगरपरिषदेतही डेपोवर न गेलेल्या प्रत्येक टनामागे काहीतरी वाचतं: डिझेल, जेसीबीचे तास, जागा, आणि काही वर्षांनी जुना ढीग उकरून चाळण्याचा खर्च. अमरावतीचा सुकळीचा आणि अकोल्याचा नायगावचा कचरा डेपो आठवला, तर हा शेवटचा खर्च किती मोठा होऊ शकतो हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. वाचलेल्या पैशातला वाटा वाचवणाऱ्याला द्यायचा, एवढाच माझा आग्रह आहे.

ओल्या कचऱ्याच्या बाबतीत तर वरूडची स्थिती राज्यातल्या बहुतेक गावांहून चांगली आहे, कारण खताचं गिऱ्हाईक शिवेवरच उभं आहे. हिशेब करून पाहू. रोज सात टन ओला कचरा खरोखर स्वच्छ मिळाला, तर कुजून आणि चाळून त्याचं साधारण एक टनाहून थोडं जास्त खत होतं. वर्षाला ४०० टनांच्या आसपास. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फळावर आलेल्या संत्र्याच्या झाडाला वर्षाला ५० किलोच्या आसपास शेणखत लागतं. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. म्हणजे हेक्टरी सुमारे १४ टन. त्या हिशेबाने वरूड शहराचं वर्षभराचं सगळं खत तीस हेक्टर बागेलाही पुरणार नाही. तालुक्यातलं संत्र्याचं क्षेत्र पाहता हा वाटा चिमूटभर आहे. तेव्हा ‘शहराचं खत कोण घेणार’ हा प्रश्न इथे उरत नाही. अडतं ते खताच्या शुद्धतेपाशी. काच, पन्नीचे तुकडे, बॅटरीतून आलेली शिसं-कॅडमियमसारखी जड मूलद्रव्यं असली, की १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातली मानकं पार होत नाहीत, आणि ती पार केली तरी शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ अशी मुद्रा दिली, केंद्राने शहरी खताला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. पण त्या मुद्रेला अर्थ देणारा माल मुळात घरातून वेगळा यावा लागतो. तंत्र आपल्याला परकं नाही. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधलेलं नाडेप टाकं विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. विटांचा जाळीदार हौद, थरावर थर, तीन-चार महिन्यांत खत. वॉर्डावॉर्डात अशी टाकी बांधायला मोठं यंत्र लागत नाही. संत्र्याच्या ढिगांबाबत मात्र काळजी हवी. सालीतल्या तेलामुळे जिवाणूंचं काम मंदावतं, आम्लताही जास्त असते. नुसती संत्री कुजवायला घातली तर बायोगॅसची टाकी बसते आणि खताचा ढीग आंबतो. त्यात शेण, पालापाचोळा, तुराट्यांचा भुगा मिसळावाच लागतो. आणि हंगामातला हा माल घरगुती नाही, व्यापारातला आहे. तो वेगळा आणण्याची जबाबदारी आणि खर्च मालाची निवड करणाऱ्या केंद्रांनीच उचलायला हवा. घरपट्टी भरणाऱ्यावर तो टाकणं अन्यायाचं आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत जुना: लोकच वेगळं करत नाहीत, मग कंत्राटदाराला कशाला दोष द्यायचा? हा आक्षेप खरा मानला तरी त्यातून माझं म्हणणं खोडून निघत नाही, उलट पक्कं होतं. लोक शिस्त पाळतात तेव्हा त्यांना त्या शिस्तीचं फळ समोर दिसत असतं. दूध उकळून ठेवणं, पाणी गाळणं, धान्य निवडणं ही रोजची कामं वऱ्हाडातल्या घरांना कुणी दंड करून शिकवली नाहीत. कचरा वेगळा करण्याचं फळ दिसायचं असेल, तर तो वेगळाच जातो आहे हे रोज दाराशी दिसलं पाहिजे. ते दाखवणं गाडीवरच्या माणसाच्या हातात आहे, आणि तो ते तेव्हाच दाखवील जेव्हा त्यात त्याचंही काही असेल. वेगळं न केलेला कचरा नम्रपणे परत ठेवण्याची हिंमत त्याला येते, कारण मिसळलेला घेतला तर त्याचं नुकसान होतं. शिवाय ‘लोक’ म्हणजे एकच घर नाही. भाड्याच्या एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे दोन डबे ठेवायला जागा नसते. अशा वस्तीत गल्लीच्या तोंडाशी ठरावीक वेळी उभं राहणारं केंद्र हवं. एकच नियम साऱ्या गावाला लावून, तो न पाळणाऱ्याला आळशी ठरवणं सोपं आहे. पण त्याने एकही पिशवी वेगळी होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि अंतराचा. वरूडहून नागपूर आणि अमरावती या बाजारपेठा नव्वद-शंभर किलोमीटरांच्या टप्प्यात. दहा टनांची गाडी सुट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी काठोकाठ भरली तरी तिच्यात दोन टनही माल मावत नाही. डिझेलचा खर्च भावाला खातो. ज्या मालाला भावच नाही, तो सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळायचा म्हटलं, तर भट्ट्या चंद्रपूरकडे, दोनशे किलोमीटरांच्या पुढे. २०१६ च्या नियमांनी शंभर किलोमीटरांच्या आतल्या कारखान्यांना पाच टक्के इंधन कचऱ्यातून घ्यायला सांगितलं, पण वरूड त्या वर्तुळात बसतच नाही. ही अडचण खरी आहे आणि ती एकट्या नगरपरिषदेला सोडवता येणारी नाही. उत्तर आहे एकत्र येण्याचं. शेंदुरजनाघाट जवळच आहे, मोर्शी शेजारी आहे. नरखेड आणि काटोल जिल्ह्याची हद्द ओलांडून असले तरी रस्त्याने लांब नाहीत. या गावांनी मिळून एक शेड, एक गठ्ठे बांधायचं यंत्र आणि एक वजनकाटा उभा केला, तर गाडी भरून माल पाठवता येतो आणि व्यापाऱ्याशी भावावर बोलताना हातात काहीतरी असतं. प्रादेशिक सुविधांची कल्पना नियमांत आहेच. वेष्टनं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ती परत घेण्याची जबाबदारी केंद्राने २०२२ च्या सूचनांनी घातली आहे. पण कंपन्यांच्या वतीने माल गोळा करणारे लोक मोठ्या साठ्याकडे जातात. एकेकट्या गावाकडे ते फिरकत नाहीत, गठ्ठे रचून ठेवलेल्या पाच गावांकडे येतील. आणि तोपर्यंत ज्याचं काहीच करता येत नाही तो माल कोरडा, गठ्ठे बांधून, छपराखाली साठवून ठेवणं हेही मिश्र ढिगात टाकण्यापेक्षा शतपट बरं.

तिसरा आक्षेप अनुभवी लेखापाल घेतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: वजन काट्यावर दिसतं, वेगळेपण कसं मोजायचं? मोजता येत नाही त्याचे पैसे दिले, तर लेखापरीक्षणात बोट ठेवलं जाईल आणि खोट्या नोंदींना दार उघडेल. याचं उत्तर असं की आजचं वजनही तितकं निरागस नाही. माती आणि बांधकामाचा मलबा ओल्या कचऱ्याहून जड असतो, आणि वजनावर पैसे देणारी पद्धत त्यांना गाडीत यायला आमंत्रण देते. वेगळेपणाच्या मोजमापासाठी दोन साधे पुरावे पुरतात. एक, बाहेर गेलेला माल: पुठ्ठ्याचे गठ्ठे, बाटल्या, काच कुणाला, किती, कोणत्या तारखेला विकली याच्या खरेदीदाराच्या पावत्या, आणि खत शेतकऱ्याने नेल्याची नोंद. हा माल नगरपरिषदेच्या काट्यावरून जातो, त्यामुळे तो फुगवायचा तर दुसऱ्या बाजूचा माणूसही सामील हवा. दोन, अचानक केलेली तपासणी: आठवड्यातून कुठल्याही गल्लीतल्या काही पिशव्या उघडून, निवडून, त्यात किती मिसळ आहे ते वजन करून वॉर्डाच्या फलकावर लावायचं, म्हणजे तपासणाऱ्यावरही गावाची नजर राहते. देयकाचे मग तीन भाग करता येतात. घर गाठल्याचा एक ठरीव भाग, म्हणजे मजुराची मजुरी कधी अडणार नाही. खरेदीदारापर्यंत किंवा शेतापर्यंत पोचलेल्या प्रत्येक टनामागे वाढीव दर, आणि त्यातही भाव नसलेल्या मालाला सर्वांत जास्त. आणि डेपोवर टाकलेल्या मिश्र कचऱ्याला जवळजवळ काहीच नाही. ही रचना करायला नवा कायदा लागत नाही. पुढची निविदा नीट लिहावी लागते.

चौथा आक्षेप म्हणतो, एवढी उठाठेव कशाला, इंदूर पाहा, एक मोठं यंत्र बसवा. इंदूर जरूर पाहावं. तिथला ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्याचं कौतुक योग्यच आहे. पण २०१७ पासून ते शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत गेलं, म्हणजे प्रकल्पाच्या आधीची वर्षंही त्यात आली. आधी रस्त्यावरच्या कुंड्या हटल्या, गाड्यांना कप्पे झाले, वेगळा न केलेला कचरा नाकारला जाऊ लागला. मग त्या शुद्ध ओल्या कचऱ्यावर यंत्र चाललं. आपण सहलीवरून परत येताना यंत्राचं छायाचित्र आणतो, क्रम आणत नाही. दिवसाला पंधरा टनांच्या गावाला ते यंत्र मापाचंही नाही. आणि मिश्र कचरा जाळून वीज करण्याचा मोह तर लहान गावाने दूरच ठेवावा: आपला कचरा ओला आहे, त्यात पाणी जास्त आणि उष्मांक कमी, आणि तो जाळणं महागात पडतं. दक्षिण कोरियातल्या सोलने १९९५ पासून पिशवीच्या आकारावर पैसे आकारून कचरा कमी केला, तोही दाखला दिला जातो. तो घराकडून पैसे घेण्याचा मार्ग आहे. जिथे नाली घरासमोरूनच वाहते, तिथे जास्त कचऱ्याला जास्त पैसे मागितले तर पिशवी नालीत जाईल. आपल्याकडे मोबदला गोळा करणाऱ्याच्या बाजूने लावणं शहाणपणाचं.

या सगळ्यात ज्याच्या हातातून कचरा जातो त्या माणसाचा विचार शेवटी करायचा नसून पायाशी करायचा आहे. मिश्र पिशवीत काचेचा तुकडा, इंजेक्शनची सुई, वापरलेलं सॅनिटरी पॅड हे सगळं न दिसता येतं, आणि निवडणारा हात उघडा असतो. पुण्यात ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची विनंती घरांना केली, ती स्वतःच्या हातांच्या रक्षणासाठी. हे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्याच वाट्याला टाकलं गेलं आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी कायम सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीची हमी मिळाली, पण कंत्राटावरच्या मजुराला ती सावली नाही. वेगळ्या कचऱ्याचा मोबदला निविदेत येताना तो कंत्राटदाराच्या नफ्यात न मुरता काम करणाऱ्याच्या खात्यात जाईल, असं कलमात लिहिलंच पाहिजे. आणि गावातले वेचक व कबाडी यांना ओळखपत्र देऊन शेडमध्ये माल निवडण्याचा पहिला हक्क द्यायला हवा. २०१६ च्या नियमांनी सांगितलेलं सामावून घेणं याला म्हणतात. यंत्र आणून त्यांना बाहेर काढणं, आणि मग मजुरांची टंचाई आहे म्हणणं, हे परवडणारं नाही.

अमरावती जिल्ह्यात स्वच्छतेची गोष्ट गाडगेबाबांपाशी येतेच. १८७६ मध्ये शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने गावात पाऊल ठेवताच हातात खराटा घेतला, आणि राज्याने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं. त्या परंपरेने आपल्याला झाडायला शिकवलं, आणि ते ऋण मोठं आहे. पण बाबांच्या काळातल्या गावाचा कचरा म्हणजे शेण, पाला, राख. तो झाडून उकिरड्यावर टाकला की त्याचं खत होई. आज झाडून गोळा केलेल्यात पन्नी, बॅटरी आणि थर्माकोल आहे, आणि उकिरड्यावर त्याचं काहीच होत नाही. झाडण्याच्या जोडीला निवडणं आलं, तरच त्या परंपरेचा मान राहतो. स्पर्धेच्या आठवड्यात चौक चकाचक करणं यात ते येत नाही. हे निवडणं निविदेत आणायची संधी आता आहे. नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. त्यांच्यापुढे घनकचऱ्याची निविदा येईल तेव्हा त्यांनी गाड्यांची संख्या आणि अंदाजपत्रकाची रक्कम विचारण्याआधी एवढंच विचारावं: वेगळा केलेला एक टन पुठ्ठा, एक टन पन्नी आणि एक टन शुद्ध खत यांसाठी यात किती दर धरला आहे? उत्तर शून्य असेल, तर ती निविदा परत पाठवावी आणि नव्याने लिहून घ्यावी.